टॉवरखालची पेटी

१

दर सोमवारी सकाळी चहा झाला की धाकटी टॉवरखालच्या पेटीकडे जायची. रेडिओ स्टेशनच्या मागच्या दारापासून पेटीपर्यंत साठ पावलं. हातात फडकं, ग्रीसची डबी आणि स्पॅनर, डोक्यात मामाचे नियम. पेटीवरचं खारट पांढरं पुसायचं, स्क्रूंना ग्रीस लावायचं, कडेच्या मेणाला चीर गेली आहे का ते नखाने चाचपायचं आणि वहीत ‘ठीक’ लिहून परत यायचं. दोन वर्षं ती हेच करत होती. त्याआधी अडीच वर्षं ती कॉलेजात हेच फळ्यावर बघत होती. तिथल्या सरांना टॉवर आणि विजेचा खांब यांतला फरक कळत नाही, असं तिने भर वर्गात सांगितलं आणि कॉलेज सोडलं. कॉलेजचं म्हणणं होतं, कॉलेजने तिला सोडलं.

पेटी म्हणजे हातभर उंच पायांवर ठेवलेला, ट्रंकेएवढा ॲल्युमिनियमचा डबा. झाकणात तळहाताएवढी काच. आत कॉइल. तांब्याची तार ज्या कड्यावर गुंडाळतात त्याला कोर म्हणतात, आणि हे कडं लोखंडाची भुकटी दाबून केलेलं असतं. दिसायला दणकट, स्वभावाने बिस्कीट. ओल लागली की आतून गंजतं, फुगतं, आणि मग ट्रान्समीटरमधून निघालेला आवाज टॉवरवर चढायचा सोडून अर्ध्या वाटेवरून माघारी येतो. समुद्र तीनशे पावलांवर. म्हणून मामाने कोरला वॉर्निशचे तीन हात दिले होते, वर टेप गुंडाळली होती, पेटीला रबराची पट्टी लावून तिच्यावर मेण ओतलं होतं आणि आत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या होत्या. ‘माझ्या पेटीत हवासुद्धा मला विचारून जाते,’ असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

त्या सोमवारी काचेवर वाफ होती. आतून.

आभाळ स्वच्छ होतं, ऊन चटकत होतं. धाकटीने फडक्याने काच पुसली, मग बोटाने घासली. काही फरक नाही. तिला फारसं नवल वाटलं नाही. बंद पेटीत ओल अडकणारच, हे ती मामाला दोन वर्षं सांगत होती. फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. ओल अडकली की सगळी काच धुरकट होते. इथे मधोमध मुठीएवढा एकच गोल होता, कडेला विरत गेलेला. आरशाजवळ तोंड नेऊन ‘हा’ केलं की उमटतो तसा.

वहीत तिने ‘ठीक नाही’ लिहिलं.

२

“भोक पाडायचं नाही,” मामा म्हणाला. तिने अजून विचारलंही नव्हतं.

“पेन्सिल जाईल एवढं, मामा. खालून. ओल आपोआप उतरून जाईल. सगळीकडे पाडतात.”

“सगळीकडे जाऊन नोकरी कर मग.”

स्टेशनच्या मधल्या खोलीत तिघं जेवायला बसली होती. मामा, मामी आणि धाकटी. आई गेल्यावर धाकटी आणि दादा या दोघांना मामा-मामीने वाढवलं, आणि त्याची आठवण मामा महिन्यातून एकदा तरी करून द्यायचा, पगाराच्या दिवसासारखी. दादा आत्ता घरी नव्हता. तो बोट नंबर सातवर होता, किनाऱ्यापासून आठ तासांवर. आठही बोटी बाहेर होत्या आणि सगळ्यांत लांब सातच होती.

सकाळी हवामान खात्याचा फोन आला होता. उद्या पहाटेपर्यंत वादळ. पाचच्या बुलेटिनमध्ये सगळ्यांना माघारी बोलवा.

“शनिवारपासून मीटरचा काटा चढतोय,” धाकटी म्हणाली. “पॉवरचा तिसरा हिस्सा टॉवरवरून परत येतोय. जवळच्या बोटींना ऐकू जाईल. दादाला खरखर ऐकू येईल. मग तुझं मेण आणि तुझं वॉर्निश तू त्याला ताटात वाढ.”

“जीभ आवर.”

“मग पेटी उघड तरी.”

“उघडली तर परत बसवायला, वाळवायला दोन दिवस जातात. कॉलेजात शिकवलं नाही? अरे हो, तू तिथपर्यंत पोचलीच नाहीस.” मामा एवढंच बोलून हसला. बाकी कोणी हसलं नाही.

मामी गळ्याभोवती रुमाल गुंडाळून कोमट पाणी पीत होती. एकतीस वर्षं तीच बुलेटिन वाचायची. बोटींवरचे लोक तिला चेहऱ्याने ओळखत नव्हते, पण तिला सर्दी झाली की दुसऱ्या दिवशी आठही बोटी विचारायच्या.

“तिला सांगून टाका ना,” मामी म्हणाली.

“काय सांगायचं? भोक पाडलं की ओल आत जाते. बस.”

“एकदा मी पाऊण तास वाचत होते,” मामी धाकटीकडे न बघता म्हणाली, “आणि कोणापर्यंत काहीही पोचलं नव्हतं. मला वाटतं, ते कुठेतरी अडकून…”

“तू घसा सांभाळ,” मामा म्हणाला. मामीने पाण्याचा पेला तोंडाला लावला. विषय संपला. या घरात विषय असेच संपायचे. मोठ्यांना जे माहीत असायचं त्याचा नियम व्हायचा, आणि नियमामागचं कारण विचारलं की तो उद्धटपणा ठरायचा.

३

एक ते चार स्टेशन बंद असायचं. ट्रान्समीटर थंड, टॉवर मुका. मामा आडवा झाला होता. धाकटी हातात घड्याळ घेऊन पेटीसमोर उकिडवी बसली.

तिचं गणित साधं होतं. स्टेशन चालू असताना कॉइल तापते, वाफ विरते. बंद केलं की थंड होते, वाफ धरते. म्हणजे आता गोल एकदा उमटेल आणि तसाच राहील.

गोल उमटला. गेला. पुन्हा उमटला.

सावली असेल म्हणून तिने वर बघितलं. ढग नव्हता. स्वतःचाच श्वास काचेवर जातोय की काय, म्हणून तोंडावर फडकं धरलं. गोल येत-जात राहिला. दोन लहान, एक लांब. थोडं थांबून पुन्हा दोन लहान. मग बराच वेळ काही नाही, आणि मग एक मोठा गोल, सगळ्यात दाट.

तिने काचेजवळ गाल नेऊन आत बघितलं. टेपमध्ये गुंडाळलेलं कडं, तांब्याची तार, पुड्या. ओलीचा थेंब कुठे दिसत नव्हता. तळ कोरडा ठाक. गालाजवळची काच मात्र गरम झाली आणि निवली, गरम झाली आणि निवली.

ती उठून चार पावलं मागे गेली. मग स्वतःचाच राग येऊन परत आली. ॲल्युमिनियम उन्हात फुगतं, वाऱ्याने आकसतं, आतली हवा हलते. यात समजण्यासारखं काय नाही? मामाने इतक्या वर्षांत पेटीचं देवघर करून ठेवलंय, म्हणून आपल्यालाही हात लावायची भीती वाटते. तेवढंच.

पण लय ओळखीची होती. आकडा, थांबा. वाऱ्याची दिशा, थांबा. पान उलटायला लागतो तेवढा वेळ. कोणीतरी कागदावरून वाचताना असाच श्वास घेतं.

घड्याळात सव्वातीन झाले होते. तिने आत जाऊन हातड्रिल आणलं.

४

भोक पाडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ती पाठीवर झोपली, पेटीच्या खाली डोकं घातलं आणि हँडल फिरवत राहिली. ॲल्युमिनियमचे चमकदार कुरळे कीस तिच्या गळ्यावर पडत होते. ड्रिलचं टोक आरपार गेलं तसं तिने डोळे मिटले, तोंडावर पाणी येणार म्हणून.

पाणी आलं नाही. हवा आली. कोरडी, उबदार, आणि बराच वेळ. पेटी केवढी, तिच्यात हवा किती, हा हिशेब धाकटीला येत होता. तेवढी हवा दोन सेकंदांत संपायला हवी होती. तिने मनात वीस मोजले तरी तिच्या कपाळावरचे केस हलत होते. वास येत होता तोही ओलीचा नव्हता, गंजाचा नव्हता. बंद खोलीतल्या जाड कापडाचा आणि पावडरचा होता. मामी वाचते त्या खोलीचा, पण मामीने पावडर लावणं सोडून पुष्कळ वर्षं झाली होती.

मग ते थांबलं.

चार वाजता मामाने ट्रान्समीटर चालू केला. पेटीशेजारच्या खांबावरचा इंटरकॉम वाजला.

“धाकटे, काटा शून्यावर आलाय.” मामाचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. “एवढा खाली तर नवीन असतानाही आला नव्हता. तू काय केलंस?”

“मेण लावलं,” धाकटी म्हणाली. आयुष्यात ती फारशी खोटं बोलली नव्हती. मामाकडून कौतुक ऐकायची सवय नसल्याने तिच्या तोंडून गेलं.

“बघ, मी म्हणत होतो,” मामा म्हणाला.

५

पाचला ती पेटीपाशीच होती. खिशातला छोटा ट्रान्झिस्टर तिने पेटीवर ठेवला. समोर साठ पावलांवर वाचनाच्या खोलीची खिडकी, तिच्यात लाल दिवा, दिव्याखाली मामी. मामी वाचत असताना आतला स्पीकर बंद ठेवायला लागायचा, नाहीतर माइक शीळ घालतो. म्हणजे हवेत काय जातंय ते आत कोणालाच ऐकू येत नव्हतं. शेजारच्या खोलीत मामा बोटींच्या उत्तराचा सेट कानाला लावून बसलेला.

ट्रान्झिस्टरवर मामीचा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, खरखरीचा लवलेश नाही. धाकटीला आधी नुसतं बरं वाटलं.

“सर्व बोटींसाठी. समुद्र शांत. वारा वायव्येकडून, मंद. उद्या दिवसभर हवामान निरभ्र. बोटींनी आपलं काम चालू ठेवावं.”

तिने खिडकीकडे बघितलं. मामीचे ओठ हलत होते, पण या शब्दांवर नाही. ट्रान्झिस्टर पान उलटायला थांबला तेव्हा मामी बोलत होती. मामी खोकायला थांबली, एका हाताने रुमाल चाचपला, आणि ट्रान्झिस्टर एकदाही न खोकता वाचत राहिला. आवाज मामीचाच होता. फक्त तो तरुण होता. त्यात रुमाल नव्हता, कोमट पाणी नव्हतं.

तिने इंटरकॉम उचलला.

“मामा, मामी काय वाचतेय?”

“वादळ वाचतेय. मग काय गोष्ट सांगतेय? थांब, बोटी उत्तर देतायत.” इंटरकॉममधून मागचा सेट अस्पष्ट ऐकू येत होता. बोट एक. समजलं, काम चालू ठेवतो. बोट चार. समजलं. मग ओळखीचा, हसरा आवाज. “सात. समजलं. मामी, आज घसा एकदम मस्त लागलाय. आम्ही अजून थोडं पुढे जातो.”



“तू भोक पाडलंस,” मामा म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं.

“आत काय आहे, मामा?”

“बुजव.”

“आत काय आहे ते सांग आधी.”

“मला माहीत असतं तर मी इतकी वर्षं नुसता मेण लावत बसलो असतो का?” मामा ओरडला, आणि मग त्याचा आवाज फुटला. “बुजव गं. मी तिला पुन्हा वाचायला लावतो.”

६

पुन्हा पाठीवर झोपून मेणाचा गोळा तिने भोकात दाबला, तो आतून हलकेच बाहेर ढकलला गेला आणि तिच्या मनगटावर पडला. काचा बसवायची लांबी लावली, तीही टिकली नाही. टेपचा फुगा झाला आणि सुटला. आतून जोर नव्हता. घाईही नव्हती. दार उघडं ठेवायचं असलेला माणूस पायाने दार धरतो, तसं होतं ते.

तिने अंगठा लावला.

अंगठ्याला ऊब लागली आणि तिथेच थांबली. पेटीवरचा ट्रान्झिस्टर गप्प झाला, मग खरखरला, आणि खरखरीतून मामीचा आजचा, बसलेला घसा आला.

“सर्व बोटींसाठी. आधीचं बुलेटिन रद्द. पहाटेपर्यंत वादळ. ताबडतोब माघारी फिरा. मी पुन्हा सांगते.”

खिडकीतले ओठ आणि ट्रान्झिस्टरचे शब्द एकमेकांवर बसले. इंटरकॉमचा रिसीव्हर खांबावरून लोंबत होता, भोकावर अंगठा धरलाय म्हणून तिने त्यात ओरडून सांगितलं होतं, आणि त्यातून मामा एकेक बोट मोजत होता. एक फिरली. दोन, तीन फिरल्या. पाचने शिव्या घातल्या, पण फिरली. शेवटी सात.

“फिरला,” मामा म्हणाला. “वळवली त्याने. आठ तास, धाकटे. दर अर्ध्या तासाने मामी वाचेल. अंगठा काढू नकोस.”

“तू इथे ये. लाकडाची खुंटी ठोकू.”

“येतो,” मामा म्हणाला. मागचं दार उघडलेलं तिला दिसलं. मामा दारात आला, हातात हातोडी होती. पायरीवर उभा राहिला. एक पाऊल पुढे आला आणि तिथेच थांबला, जणू पुढे जमीनच नव्हती. गेल्या दोन वर्षांत मामाला या पेटीला हात लावताना तिने एकदाही पाहिलं नव्हतं. नियम त्याचे, फडकं तिचं. मग त्याने मान खाली घातली आणि आत निघून गेला. लोंबत्या रिसीव्हरमधून त्याचा आवाज आला.

“मला सेट सोडून चालणार नाही.”

धाकटी हसली. या माणसाने तिला दोन वर्षं धीट हो, जबाबदार हो म्हणून पिडलं होतं.

पाठीखालची वाळू गार होत चालली होती. हात अवघडला. अंगठ्याखाली काहीतरी हलत होतं, अगदी बारीक. आधी तिला वाटलं स्वतःचीच नाडी. मग कळलं की नाडीला थांबे नसतात. दोन लहान, एक लांब. ते अजून वाचत होतं, फक्त आता त्याला ऐकायला तिच्या कातडीशिवाय कोणी नव्हतं. वायव्येकडून, मंद. निरभ्र. ते तिला कानाने ऐकू येत नव्हतं, हाडाने कळत होतं. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत, मग जबड्यात.

साडेपाचला मामीने पुन्हा वाचलं. अंगठ्याखालचं थांबलं. ते ऐकत होतं, असं धाकटीला वाटलं. मामीचं नव्हे. धाकटी दात खाऊन मघापासून पुटपुटत होती, ये रे दादा, ये लवकर, त्याकडे त्याचं लक्ष होतं.

तिने तोंड बंद केलं.

७

सहा वाजता मामीचं वाचून संपलं. खिडकीत तिने माइकपासून तोंड बाजूला केलं आणि पाणी प्यायला घेतलं. लाल दिवा अजून चालू होता. ट्रान्झिस्टरवर नुसती शांतता, मोठी, रिकाम्या खोलीसारखी.

त्या शांततेत कोणीतरी म्हणालं, “दादा, मी बोलतेय.”

धाकटीचे ओठ मिटलेले होते. तिने ते दाताखाली धरून खात्री केली.

“घाई करू नकोस,” ट्रान्झिस्टर म्हणाला. तिचाच आवाज. तिचाच तुटक, भांडल्यासारखा सूर, ज्यात ती प्रेमाचं काही बोलायची तेव्हाही भांडल्यासारखीच वाटायची. “मामा घाबरट आहे, तुला ठाऊक आहे. काही वादळबिदळ नाही. थांब तिथेच.”

“मामा!” ती ओरडली. “स्टेशन बंद कर. मेन स्विच खाली ओढ.”

“बंद?” रिसीव्हर म्हणाला. “वादळात? एकदा मामी वाचत असताना बंद पडलं होतं, धाकटे. मला ते पुन्हा जमायचं नाही. तू अंगठा तसाच ठेव फक्त.”

“अंगठा ठेवलाय. ते आता माझ्यातून बोलतंय. बंद कर म्हणते ना.”

बोटींचा सेट बोलत होता. दादाचं बोलणं लांबून येत होतं, लाटेवर वरखाली होत असलेलं. तिला शब्द लागत नव्हते. मामाने ते तिला सांगितले, हळूहळू, लहान मुलाला निरोप पाठ करायला लावतात तसे.

“तो म्हणतोय, मामी एक सांगते आणि धाकटी दुसरं. इंजिन बंद केलंय त्याने. म्हणतोय, तुम्ही सगळे माझ्याशी गोडगोड बोलता, ती एकटीच कधी खोटं बोलत नाही. तिचं ऐकतो.” मामाला धाप लागली होती. “धाकटे, तो विचारतोय, नक्की ना?”

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. जीभ जागची हलली नाही. जबडा आधीच कशाच्या तरी कामात होता.

“नक्की, दादा,” ट्रान्झिस्टर म्हणाला.

आणि तिच्या अंगठ्याखाली काहीतरी मऊ मिटलं, बोलून झाल्यावर ओठ मिटतात तसं.